कापसाचा कूलर

"उन्हाळ्यात माणूस अंगावर काय घालतो, पारसशेठ? सुती का लाकूड?"

"सुती."

"मग? कूलरला लाकूड कशापायी? मी सांगतो ना, कापसानं जेवढं थंड व्हतं तेवढं कशानंच व्हत न्हाई. तुमी मोटर द्या आन् पंप द्या. ती लाकडाची घास-बीस नको."

पारसशेठनं काउंटरवर मोटर ठेवली. तिच्याशेजारी मुठीएवढा पाण्याचा पंप आणि नळीचं भेंडोळं ठेवलं. पारगावात त्याचं हे दुकान बापापासूनचं. खिळ्यापासून विहिरीवरच्या मोटरपर्यंत सगळं तिथं मिळायचं, आणि वर सल्ला फुकट.

"वजीरभाई, कूलरमधी कापूस घातल्याला माणूस मी अजून बघितला न्हाई."

"आता बघा."

"अवो, कुंडलिककडून घासेच्या तीन जाळ्या घ्या ना. तुमच्या भिंतीला भिंत त्याची. जायला पायात चप्पल घालायची गरज न्हाई."

वजीरनं नोटा मोजून काउंटरवर ठेवल्या. त्यानं सामान पिशवीत भरलं आणि उन्हात उतरला. कुंडलिककडून काही घ्यायचं नाही, एवढ्यासाठीच तर हा सगळा उद्योग होता.

वजीर मूळचा जुन्नरचा. पिंजाऱ्याचं घर. बाप खांद्यावर पिंजण टाकून डिंगोऱ्यापासून पिंपळवंडीपर्यंत हिंडायचा. पिंजणीच्या ताणलेल्या दोरीचा, तातेचा आवाज गल्लीत आला की बाया गाद्या-उशा अंगणात आणून टाकायच्या. वजीरच्या वाट्याला धंदा आला तोवर जुन्नरात गिऱ्हाईक कमी आणि पिंजारी जास्त झाले होते. तेव्हा त्यानं डोकं चालवलं. रजई विकायची तर माणसं उघड्यावर झोपतात तिथं जावं. अशी माणसं आंबेगाव तालुक्यात पारगावला, साखर कारखान्याच्या रस्त्याला मिळाली. दसरा सरला की बीड-पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरायच्या. पाचटाच्या खोप्या, खाली ओली जमीन, शेजारी घोड नदी. थंडी अशी पडायची की सकाळी बैलांच्या पाठीवर दव पांढरं दिसायचं. टोळी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी बाया वजीरच्या दारात उभ्या असायच्या.

तिकडं पाऊस पडला नाही की इकडं रजई खपायची. वजीर हे तोंडावर बोलून दाखवायचा. बीडात चांगला पाऊस झाल्याची बातमी आली की ह्याचा चेहरा उतरायचा. "पावसानं यंदा आमचं वाटोळं केलं," असं म्हणणारा सबंध तालुक्यात हा एकटाच असेल.

त्याच्या दुकानाला लागून कुंडलिक सुताराचं दुकान. दोघांत मिळून एकच पत्र्याची भिंत. कुंडलिक पिंपळवंडीचा. टोमॅटोच्या, द्राक्षांच्या लाकडी पेट्या ठोकायचा. मग प्लॅस्टिकचे कॅरेट आले आणि लाकडी पेटी कुणी विचारीना. चार वर्षं कुंडलिकनं कोयत्याच्या मुठी आणि बाजेचे पाय करून काढली. त्या चार वर्षांत वजीरसारखा दोस्त त्याला दुसरा नव्हता. सकाळ-संध्याकाळ चहा पाजायचा, खांद्यावर हात टाकायचा, "व्हईल रे, व्हईल समदं," म्हणायचा. शेजाऱ्याचं दुकान बसलेलं असलं की आपला चहा जरा गोडच लागतो.

पण हवा फिरली. जुनी माणसं म्हणायची, शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते. आता ती संक्रांतीचा तिळगूळसुद्धा खायला थांबत नाही. ऐन डिसेंबरात ढग येतात, कांद्याला रोग पडतो, माणसं पंखे लावतात. टोळ्या येतात, पण पूर्वीएवढ्या नाहीत. कुठं कुठं ऊस तोडायला यंत्र आलं, आणि यंत्राला थंडी वाजत नाही. वजीरच्या रजया दोरीवर टांगलेल्या राहायला लागल्या. पोरगा अनस चाकणला गेला आणि फोमच्या गाद्यांच्या दुकानात नोकरीला लागला. बापानं त्याला दोन महिने फोन केला नाही.

आणि त्याच हवेनं कुंडलिकला उभं केलं. त्यानं कुठूनशी एक लहान मशीन आणली. पेटीचं पडून राहिलेलं हलकं लाकूड तिच्यात घातलं की शेवयासारखे लांब धागे निघायचे. ते जाळीत भरले की झाली कूलरची घास. मग पत्र्याचे डबेही तोच करायला लागला. होळीच्या आधीच गिऱ्हाईक सुरू. लोणी-धामणीकडची माणसं मोटारसायकलवर कूलर बांधून न्यायची. जे लाकूड वजीर चार वर्षं कचरा म्हणून हिणवत होता, ते आता लोक रांग लावून नेत होते.

वजीरचं सगळं आयुष्य मग त्या रांगेकडं बघण्यात जायला लागलं. रस्त्यावर गाडी थांबली की त्याचा हात थांबायचा. माणूस उतरून इकडं आला तर ठीक. तिकडं वळला की वजीर पिंजायचं मशीन चालू करायचा, कापूस असो नसो. मशीनमधला जुना बुरा उडून बरोबर कुंडलिकच्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावर बसायचा. कुंडलिकनं दोन्ही दुकानांच्या दारांमधे एक पडदा टांगला. ह्याला त्या पडद्याचाही राग आला. कापड चांगलं होतं.

ऊनसुद्धा त्याला सुताराच्या पक्षाचं वाटायचं. दुपारचं ऊन आधी वजीरच्या पत्र्यावर तापायचं, आणि वजीरच्या दुकानाची सावली कुंडलिकच्या दुकानावर पडायची. "बघ," तो बायकोला म्हणायचा, "त्याला सावलीपण आमचीच."

"मग दुकान उचलून तिकडं ठिवा," आमिना म्हणायची.

घर दुकानातच. तिथं ती दोघं आपल्या दखनीत बोलायची, पण टोमणे मारायचे तर मराठीत. भिंतीपलीकडं कळावं म्हणून.

ह्या मार्चात एकदा गारा पडल्या. द्राक्षवाले कपाळाला हात लावून बसले, आणि वजीर अंगावर शाल घेऊन दारात उभा. दोन दिवस गारवा राहिला. दोन रजया गेल्या. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, "थंडी गेली न्हाई बरं का, थंडी हाय अजून." तिसऱ्या दिवशी ऊन असं भडकलं की कुंडलिकच्या दारात सकाळीच टेम्पो उभा राहिला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग आमिना पडली.

तीस वर्षं ती नवऱ्याच्या बरोबरीनं कापूस पिंजत, भरत, टाचत आली होती. खोकला जुनाच होता. पण चैत्रातल्या एका दुपारी, पत्रा तव्यासारखा तापलेला असताना, ती सुई हातात धरून बसल्या जागी कलंडली. ओठ जांभळे, छातीत शिट्टी. वजीर ओरडला तसा कुंडलिक धावत आला. त्याच्याच छोट्या टेम्पोत घालून तिला मंचरच्या दवाखान्यात नेलं. उपकारसुद्धा त्याचेच.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ. "ह्यांच्या छातीत तीस वर्षांचा कापूस आहे. आणि वर हा उन्हाळा. असे पेशंट आता मला मार्चपासूनच यायला लागलेत. दोन गोष्टी करा. पिंजायचं मशीन ह्यांच्यापासून लांब न्या. आणि दुपारी त्यांना त्या पत्र्याखाली तशा ठेवू नका. कूलर लावा. आता वेळेत आणलंत. पुढच्या वेळी वेळ मिळेल असं धरून चालू नका."

घरी आल्यावर कुंडलिक नवा कूलर उचलून दारात उभा. "वजीरभाई, हा ऱ्हाऊ द्या भाभीला. उन्हाळा सरला की परत द्या."

"जागा न्हाई आमच्यात," वजीर म्हणाला.

कुंडलिकनं दुकानात नजर टाकली. निम्मं दुकान रिकामं होतं. तो कूलर उचलून परत गेला.

आमिना खाटेवरून सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी वजीर जेवायला आत आला तर तिनं अंथरूण सरकवून कुंडलिकच्या भिंतीला लावलेलं. पाठ पत्र्याला टेकवून, डोळे मिटून बसलेली.

"हितं का बसलीस?"

"हात लावून बघा."

त्यानं पत्र्याला तळवा लावला. बाकीच्या तीन भिंती पोळत होत्या, आणि ही गार. पलीकडून कूलरची घरघर येत होती. वजीरनं हात असा मागं घेतला जसा काही चटका बसला. बायको पाठ लावून बसली होती ती सुताराच्या गारव्याला. संध्याकाळी चाकणहून अनसचा फोन आला, "अब्बा, कुंडलिकचाचाकडून कूलर घ्या ना." म्हणजे तिथपर्यंत बातमी गेली होती. आणि चाचा कोण, तर कुंडलिक.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजीर उरलेल्या रजया सायकलवर टाकून फडाकडं गेला. पट्टा पडायला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपायला, पंधरवडाच राहिला होता. पाथर्डीकडची झुंबरबाई तिथं भेटली. वीस वर्षांची गिऱ्हाईक. सकाळचे साडेदहा झाले होते आणि टोळी कोयते टाकून बांधावर बसलेली.

"लवकर बसला आज?"

"पहाटं चारला शिरतो फडात आन् दहाला भाईर पडतो. दुपारचं जमत न्हाई आता. मागल्या आठवड्यात माझी जाव फडातच पडली. लघवी लाल व्हायला लागली तिची. गावाकडं लावून दिली."

"पहाटं चारला? बिबट्याचं भ्या न्हाई वाटत?"

"बिबट्या परवडला, भाऊ. ऊन न्हाई परवडत."

"मग गावाकडंच काय वाईट?"

"गावाकडं टँकर. हितं कालवा तरी वाहतोय." ती उठली. "रजई नगं बरं का. ही बघ, तुझीच जुनी हाय. उन्हाळ्यातबी कामाला येती."

तिनं खोपीकडं बोट केलं. खोपीच्या दाराला वजीरचीच जुनी रजई टांगलेली, पाण्यानं निथळत होती. वारा तिच्यातून आत जायचा. वजीरनं वाकून खोपीत डोकं घातलं. आत गार होतं. खरंच गार. झुंबरबाईचं नातवंड पाचटावर गाढ झोपलेलं.

वजीर तिथंच उभा राहिला. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थंड कशानं होतं? कापसानं. थंडीत ऊब देतो तोच उन्हात गारवा देतो. मग लाकडाची थोरवी कसली? पन्नास रजया विकून मिळाला नसता एवढा आनंद त्याला त्या खोपीच्या दारात झाला. तो तिथून सरळ पारसशेठच्या दुकानात गेला. मोटरसाठी.

रजया ठेवायची एक मोठी पत्र्याची पेटी त्याच्याकडं रिकामीच पडली होती. तिच्या तीन बाजू कापल्या, पुढं पंखा बसवला. आणि तीन बाजूंना घासेच्या ऐवजी तीन लहान रजयाच शिवून लावल्या. चांगला कापूस, नीट पिंजलेला, बोटभर अंतरावर टाके. काम देखणं झालं होतं, हे कुणीही म्हणालं असतं. जन्मभर जे येत होतं ते त्यानं जीव ओतून केलं.

कुंडलिक पडदा सारून बघायला आला. पेटीभोवती एक फेरी मारली. "वजीरभाई, राग मानू नका. कापूस पाणी पितो, पर हवा सोडत न्हाई."

"तुला कवापासून कापसातलं कळायला लागलं?"

"कापसातलं न्हाई. हवेतलं सांगतोय."

"तू तुझं लाकूड बघ."

बटण दाबलं. पंप चालू झाला, पाणी झिरपलं, पंखा फिरला. पेटीच्या सांध्यासांध्यातून, जिथं फट राहिली होती तिथून, थोडा गार वारा आला. आमिनाच्या पदराचं टोक हललं. "बघ," वजीर मोठ्यानं मराठीत म्हणाला, "कसा कापसाचा गारवा." दोन दिवस तो मान ताठ करून हिंडला. रस्त्यावरच्या माणसाला हाताला धरून आत आणायचा, कूलरपुढं उभा करायचा. माणूस "छान हाय" म्हणून निघून जायचा. विकत मात्र कुणी मागितला नाही.

तिसऱ्या दिवशी रजया पाण्यानं जड होऊन खाली लोंबल्या. कापूस तळाला बसला, वर नुसती खोळ उरली आणि खाली चिखलासारखा गोळा. पंखा कण्हायला लागला. आमिना म्हणाली, "अनसचे अब्बा, ह्यातनं वारा बंद झालाय का मीच मेले?"

वजीरनं रजया काढल्या, फाडल्या, ओला कापूस हातानं मोकळा करून बघितला. ओला कापूस कुठं मोकळा होतोय. मग त्याला वाटलं, कापूस कमी पडला. पिंजाऱ्याला कुठलाही रोग कापूस कमी पडल्यानंच झालेला दिसतो. त्यानं दुप्पट भरला. आणखी ठासून. आता सांध्यांतूनही काही येईना. आला तो फक्त वास.

"भिजल्या गादीवर पोरगं मुतून गेल्यासारखा वास येतोय," आमिना म्हणाली.

"नव्या कापसाचा वास असतो. जाईल."

गेला नाही. सहाव्या दिवशी खोळीवर काळे ठिपके उठले. तो वास नाकात गेला की आमिनाला खोकल्याची उबळ यायची, आणि उबळ आली की शिट्टी. रात्री ती बसून राहायची, दिवसा भिंतीला टेकून. वजीरला शिट्टी ऐकू येत होती. डॉक्टरीणबाईंचं बोलणंही आठवत होतं. पण मधे ती गार भिंत होती, आणि भिंतीपलीकडं कुंडलिक होता. बायकोचा श्वास एका पारड्यात आणि सुताराचं हसू दुसऱ्या पारड्यात. सहा दिवस त्यानं ताजवा तसाच धरून ठेवला. सुतार हसत नव्हता ही गोष्ट वेगळी.

सातव्या दिवशी सकाळी तो पुन्हा फडाकडं निघाला. झुंबरबाईला विचारायचं होतं की बाई, तुझी रजई कुजत कशी नाही.

झुंबरबाई भाकरी खात होती. त्याचं ऐकून घेतलं, आणि तिला एवढं हसू आलं की ठसका लागला. बाकीच्या बाया गोळा झाल्या.

"अरं भाऊ, ती नुसती खोळ हाय. आतला कापूस म्या कवाच काढून उशीत भरला. कापसातनं वारा येतोय व्हय? आन् ती खोळबी रोज उन्हात वाळिवते म्या. वल्ली ठिवली तर कुजनार न्हाई?" मग शेजारणीला म्हणाली, "बाई, पिंजारी हाय ह्यो. ह्याला कापूस शिकवायची पाळी आली माझ्यावर."

वजीर हसला नाही, रागावलाही नाही. तो सायकलवर बसला आणि भर उन्हात पाय मारत निघाला. खोळ. नुसती खोळ. आपण कूलरला रजई पांघरली होती. आणि त्या रजईचा कुजका वास बायको चार दिवस ओढत होती.

दुकानात आला तर कूलर बंद. खाट रिकामी. अंथरूण गुंडाळून ठेवलेलं.

"आमिना."

उत्तर नाही. मागं मोरीवर नाही, न्हाणीत नाही. दवाखान्यात नेली असेल. कुणी नेली असेल? टेम्पो तर कुंडलिकच्या दारात उभाच होता. मग भिंतीपलीकडून भांड्याचा आवाज आला. तो पडदा सारून आत शिरला, पडदा टांगल्यापासून पहिल्यांदा.

कुंडलिकची बायको उज्ज्वला दारातच शेंगा सोलत बसलेली. तिनं ओठांवर बोट ठेवलं. कुंडलिक कोपऱ्यात एका फळीला पॉलिश पेपर घासत होता, हलक्या हातानं. मशीन बंद, करवत बंद. दारात एक गिऱ्हाईक उभं होतं, त्यालाही त्यानं हातानंच थांबायला सांगितलेलं.

आमिना बाजेवर झोपली होती, कूलरच्या वाऱ्यात. केसांची बट हलत होती. वजीर जवळ जाऊन वाकला. पोट शांतपणे वर-खाली होत होतं. शिट्टी नव्हती.

जिवात जीव आला असं म्हणायला पाहिजे. आलाही असेल. पण पहिल्यांदा जे वर आलं ते हेच, की जी झोप ह्या बाईला आपल्या घरात आठवडाभर आली नाही ती सुताराच्या दुकानात आली. वजीरला वाटलं तो कूलर लाथेनं उडवावा. आणि वाटलं, तो असाच चालू राहावा.

मग त्याची नजर गादीवर गेली.

ती त्याचीच गादी होती. कुंडलिकच्या लग्नात त्यानंच करून दिलेली. कोपऱ्याचे टाके आमिनाचे. वीस वर्षांत तिच्यात गठळ्या झाल्या होत्या. मधे खड्डा, कडेला उंचवटे. आमिनाच्या खांद्याखाली एक गठळी अशी वर आलेली की ती झोपेतही अंग चोरून पडली होती.

"ही पिंजायला का आणली न्हाईस?" वजीर कुजबुजला.

"आनणार व्हतो." कुंडलिकनं फळीवरून नजर उचलली नाही. "आमचं गिऱ्हाईक आलं की तुमचं मशीन चालू व्हायचं. म्हटलं, मानूस कामात हाय."

उज्ज्वलानं तोंडाला पदर लावला. वजीरचे कान तापले.

आमिना जागी झाली. आधी नवऱ्याकडं बघितलं, मग कुंडलिककडं. उठून बसली, खांदा चोळला.

"हवा सुताराची चांगली हाय," ती म्हणाली. "गादी मातूर पिंजाऱ्याची बोचती."

दारातलं गिऱ्हाईक उगाच आभाळाकडं बघायला लागलं.

"गादी दे," वजीर म्हणाला.

"आता?"

"आता. पिंजून देतो. आन् तीन जाळ्या काढ माझ्या पेटीच्या मापाच्या."

"जाळ्या तशाच न्या की, वजीरभाई."

"तशा नगं. कामाला काम. तुझी गादी, माझ्या जाळ्या. फिट्टंफाट."

कुंडलिकनं मान हलवली. तो पट्टी घेऊन वजीरच्या दुकानात आला. काळे ठिपके पडलेल्या त्या तीन रजया बघितल्या, हातात घेतल्या आणि दाराबाहेर नेऊन ठेवल्या. एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं वजीरला वाटलं. मग पेटीच्या बाजू आणखी कापून मोठ्या केल्या, पेटी आतून घासून धुऊन घेतली, लाकडी शेवयांच्या जाळ्या बसवल्या. वजीर हातात स्क्रू धरून शेजारी उभा. सुताराचा हात चालताना बघत होता. एकही घाव वाया जात नव्हता. हेही त्याला सलत होतं.

बटण दाबलं. वारा आला तो सरळ समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर उचलून धरणारा.

"कशी हाय हवा, भाभी?"

आमिनानं डोळे मिटून घेतले. "आता हवा हाय."

वजीर ते ऐकत तिथं थांबला नाही. पेटी त्याची, मोटर त्याची, कष्ट त्याचे, आणि नाव जाळ्यांचं. त्यानं कुंडलिकची गादी डोक्यावर घेतली. पिंजायचं मशीन हातगाडीवर घालून रस्त्याच्या पलीकडं, लिंबाखाली नेलं, घरापासून चांगलं लांब. पारसशेठच्या दुकानातून लांब वायर ओढून वीज घेतली. पाऊण तास गेला त्यात. मग नाका-तोंडाला फडकं बांधलं आणि गादीची शिवण उसवली.

आतून वीस वर्षांचा कापूस निघाला, काळवंडलेला, दगडासारख्या गठळ्या झालेला. त्यानं एक गठळी हातात घेऊन बोटांनी मोकळी केली. आतला तंतू अजून चांगला होता. कापूस वाईट नव्हताच कधी. त्याला नको त्या जागी कोंबला होता.

पारसशेठ वायरचं दुसरं टोक बघायला आला होता. "काय वजीरभाई, सुताराचं काम करताय म्हणं?"

"करतोय. अशी पिंजतो, अशी पिंजतो की उद्या सुतार दहापातूर उठायचा न्हाई. दुकान उघडायला उशीर झाला पायजे त्याला."

रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली. मागं बसलेला माणूस उतरला, दोन्ही दुकानांकडं बघितलं आणि डावीकडं, कुंडलिकच्या दारात वळला. वजीरचा हात थांबला. पलीकडं त्याच्या स्वतःच्या दुकानातून कूलरची घरघर येत होती. तेवढा वेळ त्यानं ती ऐकली.

मग कापसाचा झुबका उचलून मशीनच्या तोंडाला लावला आणि बटण दाबलं. ह्या खेपेला आत कापूस होता.